हळद, बुरशी, गवत आणि आम्ही चौघं

वनस्पतिशास्त्र म्हटलं की लोकांना वाटतं, शांत विषय आहे. झाडं बोलत नाहीत, भांडत नाहीत, मोर्चे काढत नाहीत. मग तिथं घडणार तरी काय? अहो, झाडं बोलत नसतील, पण झाडांमागं फिरणाऱ्यांचं काय! आमच्या विभागात एका पावसाळ्यात जेवढे नमुने गोळा होतात, त्याहून जास्त किस्से गोळा होतात. नमुने निदान वाळतात तरी. किस्से प्रत्येक वेळी सांगताना आणखी हिरवे होत जातात!

विद्यापीठाच्या हिंगोली उपकेंद्रातला हा आमचा विभाग. शिकवणारे आम्ही चारच. विभागप्रमुख कुटे सर, त्यांचा विषय गवत. शेख सर, त्यांचा विषय बुरशी. राठोड मॅडम, त्यांचा विषय हळदीवरचे रोग. आणि मी. माझा विषय हवेत उडणारे परागकण. माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना अजूनही म्हणतात, "सूनबाई विद्यापीठात धुळीवर आहे!"

*

कुटे सरांना गवत दिसलं की गाडी पुढं नेता येत नाही. गाडी त्यांची, पण ब्रेक गवताच्या हातात!

एकदा ते आखाडा बाळापूरला भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात अत्तराचा फाया. बाळापूरच्या अलीकडं एका पुलाजवळ त्यांना खड्ड्यात गवताचा एक झुबका दिसला. झालं! मोटारसायकल कडेला लावली, खिशातलं भिंग काढलं आणि सर सरळ पोटावर झोपले. गवताच्या तुऱ्याला नाक लावून.

रस्ता वर्दळीचा. आधी एक ट्रक थांबला. मग एक ऑटो. मग बाजाराला निघालेली माणसं.

"काय झालं हो?"

"माणूस पडला."

"चक्कर आली व्हय?"

"चक्कर न्हाई, फिट आली. हात बघा कसा थरथरून राहिला!"

हात थरथरत होता, तो आनंदानं. हे गवत आमच्या भागात आजवर कोणी नोंदवलेलं नव्हतं! पण लोकांना काय माहीत? एकानं पाण्याची बाटली आणली. ट्रकचा ड्रायव्हर अनुभवी माणूस. त्यानं पायातली चप्पल काढली आणि सरांच्या नाकापुढं धरली.

सरांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळलेला. चपलेकडं त्यांचं लक्षच नाही. म्हणाले, "सापडलं!"

"काय सापडलं? सोनं?"

"गवत!"

ड्रायव्हरनं जमलेल्या लोकांकडं पाहिलं, चप्पल आणखी जवळ सरकवली आणि म्हणाला, "अजून उतरली न्हाई!"

त्या गवताचा नमुना आज आमच्या संग्रहात आहे. साखरपुड्याला मात्र सर पोचले तेव्हा मंडळी पानसुपारी घेऊन उठत होती.

*

राठोड मॅडमच्या प्रयोगशाळेत बारा महिने हळदीचे कंद, हळदीची पानं, हळदीची माती. त्यामुळं त्यांचे हात कायम पिवळे.

परीक्षा विभागात एक नवीन क्लार्क रुजू झाले. मोठे मायाळू गृहस्थ. मॅडमचे हात पाहून हळूच म्हणाले, "अभिनंदन मॅडम. हळद लागली वाटतं? नवरदेव काय करतात?"

मॅडम तेव्हा करपा रोगावर काम करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पानं जाळतात!"

*

याच राठोड मॅडम सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या. अख्ख्या तांड्यात पहिली डॉक्टरेट त्यांची. पदवी घेऊन त्या घरी गेल्या तेव्हा वेशीवर हलगी वाजत होती. त्यांची आई, जिला त्या याडी म्हणतात, तिनं तर लेकीच्या नावामागं डॉक्टर लावल्याशिवाय हाक मारणंच सोडून दिलं. "डॉक्टर, चहा पी." "डॉक्टर, म्हशीला पाणी दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम उठून बाहेर आल्या तर अंगणात रांग! कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाची कंबर. आणि रांगेच्या तोंडाशी याडी उभी. "नंबरानं या! ढकलाढकली करू नका!"

मॅडमनी हात जोडले. "काका, मावशी, मी माणसांची डॉक्टर नाही. मी झाडांची डॉक्टर आहे."

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. एका आजीनं याडीला विचारलं, "काहून ओ, लेकीनं एवढं शिकून माणसाचं न्हाई शिकलं?" याडीचं तोंड एवढंसं झालं. रांग गुपचूप पांगली. मॅडम आम्हाला सांगतात, "त्या दिवशी मला पदवी परत द्यावीशी वाटली."

पुढच्या सुट्टीत त्या पुन्हा गेल्या. सकाळी दार उघडलं तर अंगणात पुन्हा रांग. या वेळी प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाकडं कपाशीचं आकसलेलं पान, कुणाकडं तुरीचं वाळलेलं झाड, कुणाकडं सडलेला हळदीचा गड्डा. खोकल्यावाले काकासुद्धा लिंबाची फांदी घेऊन आलेले!

मॅडम दुपारपर्यंत एकेकाचं पान भिंगाखाली धरून बसल्या होत्या. कुणाला फवारणी सांगितली, कुणाला पाणी कमी द्यायला सांगितलं. आणि याडी रांगेच्या तोंडाशी.

"नंबरानं या! डॉक्टर एकच हाय!"

*

शेख सरांच्या फ्रिजवर एक चिठ्ठी कायम चिकटवलेली असते. "आतलं काही खाऊ नये. पीएचडी आहे."

त्या फ्रिजमध्ये काचेच्या बशांत वाढवलेल्या बुरश्या असतात. एका वर्षी सरांची विद्यार्थिनी, नाझनीन, प्रबंधाच्या अगदी शेवटी आली होती. मे महिना. वादळ झालं, खांब पडले आणि सकाळी गावातली वीज गेली ती येईना. उपकेंद्राचा इन्व्हर्टर दुपारीच थकला. फ्रिजचं दार उघडलं की आतून गरम वाफ! नाझनीन रडकुंडीला आली. तिची कित्येक वर्षांची मेहनत त्या बशांत होती.

शेख सर म्हणाले, "बेटा, रडू नको. गावात जनरेटर कुठं चालू आहे ते ऐक."

आम्ही सगळे गच्चीवर जाऊन कान देऊन उभे! लांबून घरघर आली. मंगल कार्यालय! तिथं लग्न होतं.

सर आणि नाझनीन थर्माकोलच्या खोक्यात बशा घेऊन थेट मांडवात. नवरदेवाचे वडील गेटवर स्वागताला उभे. त्यांनी दोघांना गुलाबाचं फूल दिलं, अत्तर लावलं. सरांनी सगळी तकलीफ सांगितली. ते गृहस्थ विचारात पडले.

"सर, कोल्ड्रिंकच्या फ्रिजात जागा होईल. वेगळा कप्पा देतो, कुलूप लावतो. पण नवरीकडचे विचारतील, खोक्यात काय हाय?"

"काय सांगाल?"

"सांगतो, मुलाकडचा खास आहेर हाय, संध्याकाळी उघडणार!"

गोष्ट कानावर गेली तशी नवरा-नवरीनंच कोल्ड्रिंक बाहेर काढायला लावून जागा करून दिली. बशा वाचल्या. नाझनीननं प्रबंध पूर्ण केला आणि ऋणनिर्देशात त्या जोडप्याची नावं घालून आभार मानले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रबंध बारकाईनं वाचलेला. सगळे प्रश्न झाल्यावर त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उघडलं आणि विचारलं, "काम उत्तम आहे. फक्त एक सांगा, हे दांपत्य कोणत्या संस्थेत संशोधन करतं?"

*

आता माझा किस्सा. आमच्या गच्चीवर माझं एक यंत्र आहे. पत्र्याचा डबा, त्याला वाऱ्याबरोबर फिरणारी शेपटी आणि आत चिकट पट्टी. हवेतले परागकण तिच्यावर येऊन चिकटतात. शेजारच्या कॉलनीतल्या बायकांना पुष्कळ दिवस वाटायचं, तो कॅमेरा आहे. वाळत घातलेले कपडे त्या झाकून ठेवायच्या!

पाऊस उघडल्यानंतर एकदा विभागाची तपासणी करायला समिती आली. अध्यक्ष मोठ्या शहरातले. माझ्या प्रयोगशाळेत आले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, परागकणांचं काम मोठमोठ्या शहरांत चाललंय. इतक्या लांब, इथं, त्याचा काय उपयोग? आक्छी!"

"आहे ना सर, इथल्या हवेत..."

"आक्छी! म्हणजे, इथली हवा तर शुद्ध... आक्छी!"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? ज्या हवेत आमची लेकरं वाढतात ती कुणी मोजायचीच नाही का? मी सकाळची पट्टी काढली, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"बघा सर. ही तुमची शिंक."

त्यांनी डोळा लावला. गाजरगवताचे परागकण, बारीक काटे असलेले, पट्टीभर सांडलेले. अध्यक्ष बराच वेळ पाहत राहिले. मग आवाज बदलला. "सुंदर आहे हो! आणि हे शेजारचे, गुळगुळीत, गोल?"

"ते गवताचे. त्यानं कुटे सरांना शिंका येतात. पण सर ते मान्य करत नाहीत."

तेवढ्यात मागं उभे असलेले कुटे सर जोरात शिंकले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सर म्हणाले, "सर्दी आहे!"

*

साखरा गावाकडं एका बांधावर पांढऱ्या फुलांचा पळस आहे. फार दुर्मिळ. आमच्या एका विद्यार्थ्यानं शोधला आणि आम्ही सगळे तो पाहायला गेलो. फोटो काढले. कुणीतरी फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. तिथंच चुकलं.

पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन असतं, अशी एक समजूत आहे. बघता बघता पळसाभोवती खड्डेच खड्डे! शेताचे मालक वैतागले. कुटे सरांना फोन केला. "सर, मी हे झाडच तोडून राहिलो. न झाड राहील, न कटकट."

सर हातातला घास टाकून निघाले. आम्हीही मागोमाग. झाडाखाली पोचलो तर मालक कुऱ्हाड घेऊन उभे. सर झाडाला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, असं झाड अख्ख्या जिल्ह्यात मी दुसरं पाहिलं न्हाई. तुमच्या बांधावर आहे. तुमच्या आजोबानं राखलं, बापानं राखलं. तुमी तोडता?"

मालकांनी कुऱ्हाड खाली टेकवली. शेंगा पिकल्या की याच झाडाच्या बियांपासून रोपं करू आणि पावसाळ्यात इथंच लावू, असं सरांनी सांगितलं. मालकांना ते पटलं.

"बरं सर. मग हे खड्डे तेवढे बुजवून घेतो."

"एकही बुजवू नका!" सर ओरडले. "इतके बराबर मापाचे खड्डे आमच्या पोरांनी आजवर कधी खणले न्हाईत!"

आज त्या प्रत्येक खड्ड्यात पळसाचं रोप आहे.

*

शीतल ही कुटे सरांची विद्यार्थिनी. पुसेगावच्या पुढच्या एका गावातली, मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या घरातली. तिचा विषय माळावरच्या मातीत दडून राहिलेल्या गवताच्या बिया. गवत चरून संपलं, ऊन तापलं, तरी कोणत्या बिया मातीत जिवंत राहतात आणि पुन्हा उगवतात, हे तिनं वर्षानुवर्षं माती चाळून शोधलं.

तिची अंतिम तोंडी परीक्षा होती. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. शीतलचे आई-वडील आले. वडिलांना गावात सगळे बापू म्हणतात. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर घोंगडी. ते मागं भिंतीशी उभे राहत होते. कुटे सरांनी हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम करड्या म्हणून प्रसिद्ध. शीतलनं मांडणी संपवली आणि मॅडमनी सुरुवात केली.

"मारवेल गवताचं बी कुसळी गवतापेक्षा जास्त टिकतं म्हणता. कशावरून?"

शीतलनं सांगितलं.

"माती एकाच जागेची नव्हती, कशावरून?"

शीतलनं तेही सांगितलं.

"बी जिवंत होतं, हे कशावरून?"

असं बराच वेळ चाललं. शीतल ठामपणे उत्तरं देत होती, पण कपाळावर घाम. इकडं बापू खुर्चीत पुढं पुढं सरकत होते.

शेवटी परीक्षेच्या अध्यक्षांनी रीतीप्रमाणं विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

असं विचारतात, पण कुणी कधी उठत नाही. त्या दिवशी बापू उठले. शीतलचा चेहरा पांढराफटक पडला. कुटे सर जमिनीकडं पाहायला लागले.

बापूंनी घोंगडी सावरली, हात जोडले. "मॅडम, मला विचारायचं न्हाई. सांगायचं हाय."

"सांगा."

"मघापासून पाहून राहिलो. पोरगी एक एक गोष्ट सांगून राहिली, आन् तुमी दर खेपेला कशावरून, कशावरून करून राहिल्या. मला तुमचं शास्त्र कळत न्हाई. पण हे लेकरू आमच्या घरचं हाय. आमच्या घरात कोणी खोटं बोलत न्हाई."

परीक्षक मॅडमनी चष्मा काढला. इतका वेळ त्या बसूनच बोलत होत्या. आता उठून उभ्या राहिल्या.

"बापू," त्या म्हणाल्या, "मला एवढंच तपासायला बोलावलं होतं."

आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.