खात्रीची गुरं

गिधाडांसाठी कोणी पैसे देतं, हे मामाला पटवायला मला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी तो नुसता हसला. दुसऱ्या रविवारी मी त्या परदेशी फाउंडेशनची वार्षिक पुस्तिकाच त्याच्यापुढे उघडून धरली. एका पानावर आफ्रिकेतला गेंडा, पुढच्या पानावर बर्फातला बिबट्या, मग कुठल्याशा बेटावरचं कासव. मामा चष्मा लावून सावकाश पानं उलटत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ह्यांच्या पंगतीला आपली गिधाडं बसवतस? बरी हायस ना गो बाय?"

साल दोन हजार. मी तेव्हा रत्नागिरीत एका छोट्या निसर्गसंस्थेत काम करत होते. संस्था म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे सर. फाउंडेशन एका उद्योगपतीच्या कुटुंबाने काढलेलं होतं. जगात जिथे जिथे एखादा प्राणी संपत आलाय, तिथे तिथे ते लोक मदत पाठवत. सरांनी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि माझं इंग्रजी बरं म्हणून पत्रं आणि सहामाही अहवाल माझ्या गळ्यात पडले. त्या अहवालांच्या भाषेने मी वैतागून जायचे. मेलेल्या बैलाला तिथे 'अन्नस्रोत' म्हणावं लागे, आणि मामाला 'स्थानिक भागीदार'.

मामा लांज्याच्या पुढे आमच्या आजोळी एकटा राहायचा. तीस वर्षं त्याने सरकारी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. तो डॉक्टर नव्हता, पर्यवेक्षक होता, पण पंचक्रोशीत त्याला सगळे डॉक्टरच म्हणत आणि निवृत्त झाल्यावरही म्हैस अडली की त्याच्याच दारात येत. माझं शाळेचं शिक्षण त्याच्या घरी राहून झालं. आदल्या वर्षी मामी गेली होती, दोन्ही मुलगे मुंबईला. मामा ओटीवर बसून दिवस ढकलत होता. खरं सांगायचं तर मला गिधाडांपेक्षा त्याचीच काळजी जास्त होती. ही कामगिरी मी त्याला मिळवून दिली ती त्याने उठून चालायला लागावं म्हणून.

आणि तो चालायला लागला. गावाच्या वर कातळाचा मोठा सडा आहे. मेलेली गुरं पूर्वीपासून तिथेच नेऊन टाकत. सड्याच्या कडेला जुने रायवळ आंबे आणि दोन बेहडे, त्यांच्यावर गिधाडांची घरटी. पहिल्या वर्षी आम्ही मोजली ती अकरा. त्या काळात सगळे म्हणत की गुरं कमी झाली, लोक मेलेलं जनावर पुरायला लागले, म्हणून गिधाडं उपाशी मरतात. तेव्हा मामाचं काम असं ठरलं की मेलेली गुरं मिळवायची, सड्यावर पोचवायची, घरट्यांच्या झाडांना कोणाला कुऱ्हाड लावू द्यायची नाही, आणि वहीत नोंद ठेवायची. गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याला गिधाडांचा सासरा म्हणत, कारण त्यांचा पाहुणचार चालू असायचा. मामा म्हणायचा, "जावई बरे हायत. मानपान मागत नायत."

त्याने स्वतःचा एक नियम केला होता. आमच्याकडे बिबट्या कुत्री आणि शेरडं नेतो, म्हणून चिडून कोणी कोणी मेलेल्या जनावरात विष घालून ठेवतात. बिबट्या खातो न खातो, बाकीचे जीव मरतात. म्हणून मामा भलतंसलतं जनावर घ्यायचाच नाही. टेम्पो भरून कोणी आणून दिलं तरी परत पाठवायचा. ज्या गुरावर त्याने स्वतः उपचार केलेत, जे त्याच्या डोळ्यांदेखत गेलंय, तेवढंच सड्यावर जायचं. त्याला तो 'खात्रीची गुरं' म्हणायचा. म्हातारा बैल खंगून खंगून जात असला की मामा रोज त्याच्या गोठ्यात जाऊन बसे, दुखणं कमी करायची सुई देई. जनावराने कण्हत मरू नये, एवढं त्याचं म्हणणं असे.

दुसऱ्या वर्षी फाउंडेशनच्या एक बाई पाहणीला आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कातळावरून मामाच्या बरोबरीने चालत गेल्या. त्यांनी विचारलं, हे मांस सुरक्षित आहे हे तुम्ही कसं ठरवता? मी मराठीत सांगितलं. मामा ताठ झाला. "त्यांना सांग, मी हाताने औषध दिलेलीच गुरं घेतो. दुसरी नाय." मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि त्याचा हात हातात घेतला. पुढच्या पुस्तिकेत आमचं पान आलं. मामाचा फोटो, मागे कातळ, खाली ओळ: हा माणूस फक्त स्वतः उपचार केलेल्या जनावरांचीच खात्री देतो. ती पुस्तिका मामाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचा, आणि मला पुन्हा पुन्हा त्या ओळीचा अर्थ सांगायला लावायचा. मला त्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, कंटाळा कसला करत होते मी.

घरटी मात्र कमी होत गेली. अकराची सात झाली, सातची चार. अहवालात आम्ही कारणं लिहीत राहिलो, झाडतोड, वणवे, उपासमार. उपासमार म्हटल्यावर मामा आणखी जोमाने जनावरं मिळवायचा. जितकी गिधाडं कमी होत, तितका त्याचा जीव तुटायचा आणि तितकं तो त्यांना जास्त वाढायचा. दोन हजार चारच्या जानेवारीत सड्यावर एकच घरटं उरलं होतं. त्यात नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू होतं.

त्याच महिन्यात फाउंडेशनचं पत्र आलं. सर हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते, ऑफिसात मी एकटी. पत्र त्या बाईंचंच होतं, आणि त्यांनी मदत केलेल्या गिधाडांच्या सगळ्या प्रकल्पांना गेलेलं होतं. गिधाडं का मरतात ते शास्त्रज्ञांना सापडलं होतं. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. ते दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. उपचार केलेलं एकही जनावर यापुढे टाकू नका, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मी ते उभ्यानेच वाचलं. मामाची सुई तीच होती. बाटलीवरचं नाव मी शाळेत असल्यापासून वाचत आले होते.

पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं. लपवायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. मनाशी म्हटलं, सर येतील, ते नीट समजावून सांगतील, माझ्या तोंडून नको. ज्या माणसाने मला वाढवलं त्याला मी कशी सांगणार होते की चार वर्षं तू त्यांना वेचून वेचून तेच भरवलंस? पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता. मी भित्री होते, आणि त्या भित्रेपणाला मी माया म्हणत होते.

आठवडाभराने मामाच रत्नागिरीत आला. पेन्शनचं काम होतं. ऑफिसात येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला, पिशवीतून माझ्यासाठी आणलेले कुळीथ काढून दिले. चेहरा खुलला होता.

"पिल्लू वाढतंय गो. काल पंख झाडत व्हतं."

"बरं झालं."

"खालच्या वाडीतला बैल अगदी टेकलाय. दोन सुया दिल्या, आता कण्हत नाय. दोन-तीन दिवसांचा सोबती. गेला की सड्यावर नेतो, पिल्लाच्या आईबापाला लांब जायला नको."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी तोंड उघडलंही असेल. मग त्याने विचारलं, "औंदा पण पुस्तकात आपलं पान येल काय?" आणि मी खालच्या टपरीवर चहा सांगायला उठले. चहा घेऊन तो दुपारच्या एसटीने गेला. मी खिडकीतून पाहत होते. तेव्हाही हाक मारता आली असती.

बैल गेला. मामाने सड्यावर नेला. चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला की नर गिधाड फांदीवर मान खाली टाकून बसलंय, हाकललं तरी उडत नाही. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली पडलेलं मिळालं. त्यानंतर मादी. मामाने नारळ पाडणारा माणूस बोलावून पिल्लू खाली उतरवलं, घरामागच्या परड्यात ठेवलं, बोकडाच्या मांसाचे बारीक तुकडे करून भरवलं. ते आठ दिवस जगलं.

सर परत आले त्या सकाळी मी ते पत्र त्यांच्या आलेल्या टपालात ठेवून दिलं. वर जानेवारीची तारीख होती, पण परदेशातून टपाल यायला कधी कधी महिना लागतो, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि पत्राची घडी करून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तुझ्या मामाला तूच सांग. मला प्रवासाची मनाई आहे."

मी ओटीवर बसून पत्र वाचलं, एकेक ओळ मराठी करून. मामाने मध्ये एकदाच विचारलं, औषध अंगात किती दिवस राहतं. मी पत्रात होतं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हंजे मी खात्री करून दिलं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हे पत्र कवा आलं?"

"परवा," मी म्हणाले.

"मग बैल टाकला तवा आपल्याला ठावं नव्हतं."

"नव्हतं."

त्याने मान हलवली. त्याला तेवढ्यानेही थोडं बरं वाटलेलं मला दिसलं, आणि मला माझीच किळस आली.

सड्यावर नंतर गिधाड आलं नाही. फाउंडेशनने अगदी सभ्य शब्दांत कळवलं की पक्षीच नसल्यामुळे प्रकल्प बंद करावा लागेल, शेवटचा अहवाल तेवढा पाठवा. मामाही त्यानंतर चारच वर्षं राहिला. कोणाचं जनावर आजारी पडलं तर जायचा, पण सुई देताना आधी मालकाला विचारायचा, मेलं तर पुरशील ना, तरच देतो. लोकांना ते अशुभ वाटायचं, मग बोलवायचेच कमी झाले.

तो शेवटचा अहवाल लिहायला मामा स्वतः ऑफिसात आला होता. छापील फॉर्मवर एक प्रश्न होता की काम अपयशी ठरलं असल्यास कारणं द्या. मी लिहायला घेतलं होतं, परिसरात औषधाचा सर्रास वापर, वगैरे. मामाने मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला सांगितलं.

"परिसरात कोणी नाय दिली. मी दिली. तसं लिव. माझं नाव लिव."

मी लिहिलं. सर पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसले होते. मामा माझ्या खुर्चीमागे उभा राहून पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण त्याचं नाव त्याला ओळखू आलं आणि त्यावर त्याने बोट ठेवलं.

"आता एवढं तरी घाल," तो म्हणाला. "पत्र आल्यावर आपण एक पण जनावर टाकलेलं नाय. कळल्यावर नाय टाकलं. बाई आल्या व्हत्या, हात धरलानी माझा, त्यांना तेवढं कळूदे."

मी ते वाक्य टाइप केलं. त्याने ते वाचून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. मग छापलेल्या कागदावर त्याने खाली, जिथे मी बोट ठेवलं तिथे, सही केली.