पोत्यावरचे हात

कस्तुराबाईंनी हात जोडले नाहीत, म्हणून मुकादमानं त्यांचं नाव हजेरीतून काढलं. बहात्तरच्या दुष्काळात, उदगीरकडच्या रस्त्याच्या कामावर. घरात दोन पोरी आणि चूल थंड. तरी बाई हटल्या नाहीत. त्याच कामावर खडी फोडणाऱ्या मला त्यांच्या या ताठ्याचा तेव्हा राग यायचा. आता ऊर भरून येतो.

झालं असं. कामावर मजुरीत अमेरिकेची लाल ज्वारी वाटायचे; तिच्या पोत्यावर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र असायचं. आदल्याच हिवाळ्यात, बांगलादेशच्या युद्धात, त्या सरकारनं आपल्याला धाक घालायला आरमार धाडलेलं. दोन्ही देशांचं पार बिनसलेलं. तिकडं निवडणूक तोंडावर, इकडं मजूर उपाशी म्हणून सरकारच्या नावानं ओरड. अशात तिकडचा एक पाहुणा काम बघायला येणार होता. फोटो छापून आला की दोघांचंही भागणार होतं. साहेबांनी बायकांना रांगेत उभं करून बजावलं, "पाहुणे आले की हात जोडायचे."

"ज्वारी खडी फोडून घेतो आमी," कस्तुराबाई म्हणाल्या. "छप्पन साली धम्म घेतला, तवाच हात जोडून भाकर मागायचं सोडलं. आन् ह्या पोत्यावर बगा की साहेब. दोन हात एकमेकात हायत. त्यातला मागणाऱ्याचा कोन्चा?"

तेवढ्यात पाहुणा आलाच. रांगभर हात जोडलेले, आणि कस्तुराबाईंचा एकच हात सरळ पुढं. पाहुण्यानं गोंधळून तो हातात घेतला.

संध्याकाळी नाव कटलं. जाताना बाईंनी त्या ज्वारीचं एक रिकामं पोतं उचललं. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, मग हे का द्यायचं, म्हणाल्या. पोरींना घेऊन मुखेडकडं चालत गेल्या, तिथं दुसरं काम धरलं. पुढं परत येऊन गायरानाचा दीड एकर दगड वेचून वहितीला आणला.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीच्या दारात बाई हजर. सोबत तेच पोतं, घरच्या ज्वारीनं भरून तोंड शिवलेलं.

"अमेरिकेला धाडा."

कारकून आधी हसला, मग चिडला. बाई पोत्याला टेकून दारातच बसल्या.

"अहो, परदेशाचं दिल्लीत बघतात. इथं अजून खुर्च्या पुऱ्या आल्या नाहीत."

"मंग दिल्लीला धाडा."

येणारे-जाणारे थांबून बघू लागले. कारकून रडकुंडीला आला. शेवटी त्यानंच दोन्ही हात जोडले. "पाया पडतो बाई, घेऊन जा हे."

कस्तुराबाई उठल्या, पदर खोचला.

"हात सोडा साहेब," त्या म्हणाल्या. "पोतं जड हाय. त्या टोकाला धरा, आत ठिवू."