घागरीचं हाफ तिकीट

आमच्या सीमाभागात निर्ण्यापासून कोहिनूरपर्यंतच्या गावांत शांततेसाठी एवढा आरडाओरडा करणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि तो नेमका आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. आमच्या लेकीचे सासरे जन्मभर सरकारी बसवर कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गणवेश तेवढा उतरवला, आतला कंडक्टर तसाच राहिला. आमच्याकडे जेवायला आले की 'पुढं सरका, पुढं सरका' करत पंगत अशी दाटीनं बसवतात की वाढणाऱ्याला पाऊल टाकायला जागा उरत नाही.

या गृहस्थांना निवृत्तीनंतर शाळाशाळांतून शांतीबाग लावायचं वेड लागलं. मराठी शाळा असो की कानडी, हे कुदळ घेऊन हजर. गळ्यात जुनी शिट्टी असायची. एक शिट्टी म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे निघायचं. बागेत शिरायचं तर कडुनिंबाचं पान आणायचं, मग हे त्याला आपल्या तिकिटाच्या पंचनं भोक पाडून देणार. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी पान आणायला परत पाठवलं होतं, आणि साहेब मुकाट्यानं घेऊन आले होते.

पण बागेचा खरा कायदा घागरीचा. ज्या दोन पोरांचं भांडण झालं असेल त्यांनी मिळून एक रोप लावायचं, त्याला दोघांची नावं द्यायची, आणि बांबूला दोरीनं घागर अडकवून दोघांच्या खांद्यांवरून त्याला पाणी आणायचं. पावलाला पाऊल जुळलं नाही की पाणी अंगावर. तिसऱ्या खेपेपर्यंत पोरं भिजून हसायला लागत. मग कामून भांडलाव म्हणून विचारलं, तर दोघांनाही आठवत नसे.

अशा सात शाळांत बागा फुलल्या, पण त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेत नाही. त्या शाळेला लागून अण्णांची विहीर आहे. अण्णा म्हणजे व्याह्यांचे थोरले भाऊ, आणि दोघांत बारा वर्षं अबोला. झालं होतं असं की अण्णा एकदा सोयऱ्यांना घेऊन धाकट्याच्या बसमध्ये चढले. पिशवीत दोन कोंबड्या होत्या. कोंबडीला हाफ तिकीट हा नियम, आणि आमच्या व्याह्यांनी सोयऱ्यांदेखत सख्ख्या भावाला दोन्ही कोंबड्यांची तिकिटं फाडून दिली. अण्णा पुढच्याच थांब्यावर कोंबड्यांसकट उतरले.

शेवटी शाळेतल्या बाईंनी फारच गळ घातली आणि गावात बाग लागली. पण शिवरात्र उलटली नि शाळेची बोअर आटली. अण्णांनी निरोप धाडला, विहिरीवरून लागेल तेवढं पाणी न्या. व्याह्यांनी उलटा निरोप धाडला, नको. आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस लांबच्या हापशावरून एकट्यानं घागरी वाहू लागला. मी समजावायला गेलो तर म्हणाले, "ईवाई, तुमी मधी पडू नगा." रोपं माना टाकत होती. पोरांनी त्यांना जीव लावला होता. मला तर त्या हट्टी माणसाचा रागच आला.

एका सकाळी मी तिथंच होतो. हे घागर घेऊन धापा टाकत आले, तर फाटकात सगळी शाळा उभी. पाचवीतली एक मुलगी बांबू घेऊन पुढं झाली.

"आजोबा, भांडल्याल्यांनी मिळून पाणी आणायचं, तुमीच म्हनलाव. मंग तुमी कामून एकटेच आणायलाव?"

व्याही पळवाटा शोधत होते, पण कायदा त्यांचाच. पोरांनी विहिरीवरून अण्णांना हात धरून आणलं. बांबूचं एक टोक यांच्या खांद्यावर, दुसरं त्यांच्या. अण्णा सहा फुटी, हे ठेंगणे. भरलेली घागर सरसर घसरत यांच्याकडे आली नि सगळा भार यांच्या खांद्यावर पडला. अण्णांनी दोरी धरून ती आपल्याकडे ओढून घेतली आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा बोलले, "घागरीला हाफ तिकीट लागतंय का रे?"

व्याह्यांनी खांद्यावरचा बांबू नीट बसवला. त्या मुलीनंच त्यांच्या गळ्यातली शिट्टी घेतली आणि दोनदा वाजवली. दोघं म्हातारे निघाले. पाणी दोघांच्या धोतरांवर सांडत होतं आणि पोरं असा गोंगाट करत होती की त्या शांतीबागेत शांततेचं नाव नव्हतं.

बाग जगली. तिथं दोघांनी मिळून लावलेलं चिंचेचं रोप आता माझ्या खांद्याला लागतं, त्यावर दोघा भावांच्या नावांची पाटी आहे. दोघं अजून रोज एक खेप करतात. यंदा अण्णांचा गुडघा धरलाय, म्हणून घागर अर्धीच भरतात. परवा मी मागून चालत होतो. अण्णा निघताना घागर आपल्या बाजूला ओढून आता पुढं बघत चालले होते, आणि व्याही एका हातानं दोरी हळूच आपल्याकडे ओढून घेत होते.