दगडखाणीतला बँड दौऱ्यावर निघतो

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पोरांनी तालमीच्या खोलीत वाद्यं झाकून ठेवलीत आणि मी सतरंजीवर आडवी झालेय. उद्या आमचा बँड इंदूरच्या दौऱ्यावर निघायचाय, आणि बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पूनमचा बाप सकाळीच सांगून गेलाय की पोरगी येणार नाही. त्याला काय म्हणावं याचा विचार करता करता पंख्याची घरघर लांब जाते, पापण्या जडावतात.

"यल्लू, सरक जरा."

लाजरस सर शेजारी बसतात. त्यांना आम्हीच माती दिली, हे मला माहीत आहे. तरी सरकून जागा देताना वावगं काही वाटत नाही. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोच निलगिरीच्या तेलाचा वास. मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर सर आमच्या खाणीवर आले आणि दगड फोडणाऱ्या वडारांच्या पोरांना ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजवायला शिकवलं. त्या पोरांतली मी एक; आता बँड मी चालवते.

सर एकेकाची चौकशी करतात. मी सांगते, दिगू पोलीस बँडमध्ये लागला, हणमंतानं नगरला वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं, शांता नर्स झाली.

"बरं झालं," सर म्हणतात. "वाजवायची फार वाईट."

आम्ही दोघं हसतो आणि हसता हसता खाणीत उभे असतो. ऊन पांढरंफेक आहे. मी पुन्हा लहान आहे. माझे आप्पा हातातला घण न ठेवताच सरांना सांगताहेत, पोरीला भोपाळला धाडणार नाही, परमुलखात तिच्याकडं बघणार कोण? सर वाद घालत नाहीत. दगडावर टेकतात, म्हणतात की मोठा ड्रम उचलायला माणूस मिळत नाही, तुमच्यासारखा खांदा कुणाचा नाही.

आप्पा ड्रम खांद्यावर घेतात, खाणीची चढण चढतात आणि भोपाळच्या सभागृहात येतात. खाणीच्या कडेकडेनं माणसं दाटीनं बसलीत. मी वाजवते. आप्पांच्या डोळ्यांत धूळ गेल्यासारखं पाणी येतं. मग आम्ही एका घरी जेवायला बसलोय, तिथल्या काकू मला पोळी वाढताना विचारतात, मोठी होऊन काय होणार? खाणीवर हे मला कुणी विचारलेलं नाही. आप्पांच्या हातातला घास हातातच राहतो. परतीच्या गाडीत ते सरांच्या कानाशी लागतात.

"सर, दहावीच्या पुढं काय असतं?"

बाहेर शेतं पळताहेत. सर माझ्याकडे वळून हसतात.

"पूनमच्या बापाला काय सांगू?" मी विचारते.

"सांगतेस कशाला? त्यालाच घेऊन जा." ते आपलं ट्रम्पेट माझ्या हातात देतात. "आता वाजव. लई दिवसांत ऐकलं नाही तुझं."

मी वाजवते. दम संपतच नाही. गाडीतली सगळी माणसं उठून उभी राहतात, सर पायानं ठेका धरतात, आप्पा बाकावर चढून नाचतात.

दारावर थाप पडते. पंखा घरघरतोय, शेजारी कुणी नाही. पूनमचा बाप चपला काढून उंबऱ्यात उभा आहे. पोरगी जेवली नाही म्हणतो, पण तिला एकटी सोडायला मन घेत नाही.

"मग तुम्हीच चला," मी म्हणते. "मोठा ड्रम उचलायला माणूस पाहिजेच आहे."

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासतो. मग विचारतो, तिकडं थंडी असते का, पोरीला स्वेटर घ्यावा लागेल का. मी हो म्हणते. तो मान हलवून जायला वळतो आणि थबकतो.

"बाई, ओठाला काय झालं तुमच्या?"

मी खिडकीच्या काचेत बघते. दोन्ही ओठांवर मिळून एक लाल गोल वळ उमटलाय, ट्रम्पेट दाबून वाजवल्यावर उमटतो तसा. माझं ट्रम्पेट कालच पेटीत बंद करून सामानात गेलंय. मी वळावरून बोट फिरवते. तो अजून गरम आहे.