उठायची रीत

द्वारकाबाई बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. समोरची बाई आपल्या लेकीच्या लग्नाचं मोठ्या हौसेनं सांगत असली तरी ह्यांची नजर तिच्या लुगड्याच्या काठाखाली खिळलेली, आणि मध्येच म्हणणार, "तुमी उजव्या पायावर भार देऊन राह्यल्या. डाव्या टाचेले काही झालं का?" बाई चिडायची. पण टाचेला भेग पडलेलीच असायची, त्यामुळे चिडूनही उपयोग नसे.

माझ्याशी त्या पहिल्यांदा बोलल्या त्या आमच्या अमरावतीच्या घरामागच्या विहिरीवर. विहीर आमच्यात आणि त्यांच्यात सामाईक होती. लग्न होऊन मी नुकतीच नांदगाव खंडेश्वरहून सासरी आले होते. सकाळची वेळ. सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या, शेजारच्या दोघी धुणं घेऊन उभ्या होत्या, आणि मी भरली घागर कमरेवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होते. द्वारकाबाई आपल्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी आवाज दिला. मुलींच्या शाळेत त्या ड्रिल शिकवीत, आवाज मैदानावरचा होता. "काय वं सूनबाई, तुहा डावा गुडघा उतरताना आत पडते. दुखते ना? मंग लपवून कावून राह्यली?"

का लपवतेस, हे सगळ्यांनी ऐकलं. मी "नाही" म्हणाले. पण घाबरून घाईनं पाय टाकला आणि शेवटच्या पायरीवर मला कठडा धरावा लागला. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्या माझ्या गुडघ्याकडेच पाहू लागल्या.

गुडघा दुखत होता हे खरंच होतं. न्हाती झाल्यापासून दुखत होता. चढताना कमी, उतरताना जास्त, आणि चुलीपुढून उठताना तर डोळ्यांत पाणी येई. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, वाढत्या अंगाचं दुखणं असतं, कुठं बोलू नकोस. आईनं मला लहानपणापासून एक वळण लावलं होतं. मुलीच्या जातीनं गुडघ्याला गुडघा लावून बसावं आणि गुडघ्याला गुडघा लावूनच उठावं. मला पाहायला आले तेव्हा सासूबाईंनी दोनदा उठायला-बसायला लावलं होतं आणि यजमानांच्या आत्यांना म्हणाल्या होत्या, "उठणं-बसणं पाहा कसं नीटस आहे." त्या नीटसपणावरच माझं लग्न जमलं, असं म्हटलं तरी चालेल.

आता तेच उठणं त्यांना सलू लागलं. "खोड लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारली," हे वाक्य मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दिवाळीला म्हणून मला माहेरी पाठवलं, आणि संक्रांत आली तरी न्यायला कोणी आलं नाही. यजमान नागपूरला कायदा शिकत होते. त्यांची पत्रं येत, त्यांत हवापाणी असे. मग कानावर आलं की अकोल्याहून एक स्थळ सांगून आलंय. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि पहिली असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. शिवाय सासरे स्वतःच वकील, मग तर विचारायलाच नको. माझे वडील भिक्षुकी करीत. त्यांनी जेवण कमी केलं. आई देवघरात जास्त वेळ बसू लागली. मला मात्र द्वारकाबाईंचा राग येई. रोज येई.

आणि एका शनिवारी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं त्याच बाई आमच्या दारात उतरल्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, पदराखाली राखलेले केस. विधवेनं केस राखावेत हे आमच्या गल्लीला नवीन होतं, दोन-चार दारं त्यासाठीच उघडली. वडिलांनी "बसा" म्हणायच्या आधीच त्या बोलल्या, "माह्या तोंडानं तुमच्या पोरीचं घर मोडून राह्यलं. मी खोटं नाही बोलली. पण जागा पाह्यली नाही, माणसं पाह्यली नाही. आता मले थोडं काम करू द्या."

वडिलांनी त्यांच्यापुढं पाट मांडला. मग म्हणाले, "पाणी घ्या."

द्वारकाबाई मूळच्या तेल्हाऱ्याच्या. जाणत्या व्हायच्या आधीच विधवा होऊन माहेरी आल्या. भावाचा आखाडा होता. त्याच्या भिंतीला लागून ह्यांचं स्वयंपाकघर. पोळ्या लाटता लाटता खिडकीतून पाहायच्या कोण कसा उठतो, कोण कसा पडतो. भाऊ समंजस निघाला. त्यानं त्यांना शिकवलं, पुढं शाळेत घातलं, नोकरीला लावलं. "पोट्टे पडले की लोक हसत," त्या सांगत. "मी पाहो, कावून पडला. हसायले मले फुरसतच नव्हती."

त्यांनी मला मागच्या ओसरीत नेलं आणि नुसतं खाली बसून उठायला लावलं. बसायला, उठायला, ओट्यावरून उतरायला, घागर घेऊन चालायला. हात लावला नाही. मग म्हणाल्या, "गुडघा गरीब हाय बाई. वरून कंबर ढकलते, खालून पाऊल ओढते, मधात थो मरते. त्याले कावून शेकते? त्याची काय चूक?" आई गरम विटेनं माझा गुडघा शेकत असे, तिला ते लागलं.

खरं भांडण पुढंच होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, उठताना पावलं थोडी लांब ठेव, बैठक मागं ने, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या वर राहू दे, आत येऊ देऊ नको. मी तसं उठून पाहिलं आणि आईनं कपाळावर हात मारला. "पाय फाकवून? पहिलवानासारखी? अशी सून कोण घरात घेईल?"

"अन् लंगडी घेतीन?" द्वारकाबाईंनी विचारलं. आई रडू लागली. त्यावर त्या गडबडल्या. त्यांना रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नसे. त्या ओसरीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बाई, नऊवारीत काही दिसत नाही. मी शाळेत साऱ्या पोरीयले हेच शिकवतो. लाज गुडघ्यात नसते."

मग त्या दर शनिवारी येत आणि रविवारी परत जात. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांनी माझ्या दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर बांधली. ती पट्टी बाहेर ताणत बसायचं आणि ताणतच उठायचं. कुशीवर निजून वरचा पाय सावकाश उचलायचा. पायरीवरून उतरायचं ते आवाज न करता. "धप्प केलं का सारा भार गुडघ्यावर. मांजरीवानी उतर." घागर एकाच कमरेवर घ्यायची नाही. हे सगळं इतकं साधं होतं की माझा विश्वास बसेना. वैद्याचा लेप असता तर बसला असता.

दुखणं लगेच गेलं नाही. मधल्या एका आठवड्यात इतकं वाढलं की मी त्यांना सांगितलंच नाही, दात दाबून उठत-बसत राहिले. त्यांनी पाहिलं आणि पट्टी सोडून टाकली. "दुखलं तर सांगशीन. लपवशीन तर मी आंधळी. तुह्या घरच्यांनी तुले लपवायले शिकवलं, मी नाही शिकवत." मी चिडून विचारलं, पुरता बरा होईल का? त्या म्हणाल्या, "मले मालूम नाही." माझं सारं आयुष्य त्यावर टांगलेलं, आणि ही बाई म्हणते मालूम नाही! पण त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तोवर सगळे मला होईल होईल म्हणत होते.

उन्हाळा लागता लागता मी ओट्यावरून कशालाही न धरता उतरू लागले. वडिलांनी सासऱ्यांकडे निरोप धाडला, मुलगी बरी आहे, येऊन पाहून घ्या. सासूबाई आल्या त्या रविवारी द्वारकाबाई आमच्याकडेच होत्या. त्या आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसल्या. "मी तोंड नाही उघडत," म्हणाल्या.

आईनं मला बाजूला घेतलं. "आजचा दिवस जुन्या रीतीनं ऊठ. एकदाच. दुखलं तर सोस. घरी गेल्यावर कशीही ऊठ." तिचंही चुकत नव्हतं. माझ्या बाजूनं तिला एवढंच करता येत होतं.

सासूबाई पाटावर बसल्या. मी खाली वाकून नमस्कार केला, समोर बसले. त्या म्हणाल्या, "ऊठ बरं."

मी पावलं लांब ठेवली, बैठक मागं नेली आणि उठले. हात टेकला नाही, ओठ चावला नाही. सासूबाई माझ्या पावलांकडे बघत होत्या.

"ही कोणती रीत उठायची?"

"अशी उठले तर दुखत नाही, सासूबाई," मी म्हणाले. त्यांच्यापुढे मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. "तशी उठले तर दुखतं. मी इथंही अशीच उठणार आणि तिथंही."

त्यांनी मला परत बसवलं, परत उठवलं. विहिरीवरून भरली घागर आणवली. मग विचारलं, "त्या बाईनं शिकवलं?" मी हो म्हणाले. त्यांनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

"सामान बांध," त्या म्हणाल्या. आईनं हुंदका दिला. "पण एक ऐकून घे. त्या बाईनं चार बायांत माह्या घराची अब्रू काढली. माह्या घरात राहाचं असन तर तिच्याशी एक शब्द बोलाचा नाही. कधीच नाही."

मी काही म्हणायच्या आत आतल्या दारामागून आवाज आला, "कबूल हाय." मैदानावरचा आवाज, पण हळू. मी निघाले तेव्हा त्या मागच्या ओसरीत होत्या. मला तिकडे जाऊ दिलं नाही.

पुढची कित्येक वर्षं आम्ही एकाच विहिरीचं पाणी प्यायलो आणि एकमेकींशी बोललो नाही. सकाळी मी घागर घेऊन पायऱ्या उतरू लागले की द्वारकाबाई चहाची कपबशी खाली ठेवत. मी शेवटची पायरी उतरले की परत उचलत. एवढंच. मला दोन मुलं झाली, दोन्ही वेळा गुडघा पुन्हा कुरकुरला, आणि मी पुन्हा पट्टी बांधली. हे त्यांना सांगावंसं फार वाटे. भिंतीपलीकडे आपल्या अंगणात सरावाला आलेल्या शाळेच्या मुलींना त्या ओरडत, "आवाज नोको!", आणि इकडे मी चुलीपुढून सावकाश उठत असे.

एका दुपारी सासूबाईंना पाटावरून उठता येईना. भिंतीला धरून धडपडल्या आणि परत बसल्या. तेव्हा कळलं, त्यांचे दोन्ही गुडघे माझ्या जन्माच्या आधीपासून दुखत होते. घरात कोणाला पत्ता नव्हता. "मले मालूम हाय असा गुडघा घेऊन घर कसं चालते," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हटलं होतं, चांगल्या पायाची आणू. तुह्यावर राग नव्हता वं." मी जुन्या लुगड्याची पट्टी आणली आणि त्यांना बांधून दिली. ही पट्टी कुठून शिकलीस, हे त्यांनी विचारलं नाही. रोज दुपारी दार लावून त्या माझ्यासमोर बसत आणि उठत. थोडा फरक पडला. पुरता नाही.

पुढं द्वारकाबाई अकोल्याच्या शाळेत गेल्या. टांगा दारात उभा राहिलेला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. सासूबाई घरात होत्या, मी बाहेर गेले नाही. टांगा हलला तेव्हा भाजी लागल्याचा वास आला, एवढं आठवतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी अकोल्याहून सासूबाईंची मावसबहीण आली होती. पानं मांडली होती, मी वाढत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या शेजारच्या ड्रिलबाई गेल्या ना! विषमज्वर झाला. महिना झाला असन." मग ती पुढं आंब्याच्या भावावर गेली.

मी वरण वाढलं. भात वाढला. द्वारकाबाई माझ्या कोणीच नव्हत्या. ना सोयर, ना सुतक. रडायला काही कारण दाखवता आलं नसतं. तूप वाढताना थांबायचं राहिलं, सारी वाटी ताटात सांडली.

सासूबाई पाटावरून उठल्या. भिंत धरली नाही. पावलं लांब ठेवून, बैठक मागं नेऊन, मावसबहिणीच्या देखत उठल्या आणि माझ्या हातातलं भांडं घेतलं. आमच्याकडे जवळचं माणूस गेल्याची बातमी उशिरा आली तर सुतक धरत नाहीत, पण ऐकल्याबरोबर उठून डोक्यावरून आंघोळ करतात. आई गेली, बाप गेला, तर सासरी आलेल्या लेकी करतात.

"पानं मी वाढते," सासूबाई म्हणाल्या. "तू जा. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन ये."