झरी ते मानवत : भीतीची आणेवारी

परभणी स्टेशनावर उतरलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. इथल्या थंडीबद्दल ऐकून होतो, तरी स्वेटर बॅगेच्या तळाशी होता. शहाणपण माझ्याकडे भरपूर आहे, ते वेळेवर वर येत नाही इतकंच.

यंदाचा प्रवास झरी ते मानवत. मध्ये परभणीला एसटी बदलायची, की झाला. एवढ्याशा अंतराचं कसलं प्रवासवर्णन, असं निघताना बायकोनेही विचारलं होतं.

झरीला माझी थोरली बहीण दिली आहे. मंगलताई. दोन वर्षांपूर्वी मानवतला जाताना तिची जीप उलटली. मोडलेला हात जुळून आला, पण तेव्हापासून ती कुठल्याच गाडीत बसून कुठे गेली नव्हती. हॉर्न वाजला तरी हातातलं ताट खाली ठेवायची. मानवतला दिलेली तिची मुलगी शीतल आता सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला आपण स्वतः जायचं, असं ताईच्या मनाने घेतलं होतं. दुसरं कुणीही गेलं असतं. ते तिला चालत नव्हतं.

घरी पोचलो तर चुलीवर येसर (भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी) रटरटत होती. भाकरी मोडता मोडता दाजींनी (बहिणीच्या नवऱ्याने) आपली तक्रार सांगितली. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना म्हणे ताईसोबत बसमध्ये चढायला मनाई केली होती. मला हसू आवरेना.

या समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा झरीच्या दवाखान्यात येतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा वार होता, म्हणून मीही ताईबरोबर गेलो. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं हळू. ताईकडून त्यांनी अपघाताची हकिकत पुन्हापुन्हा सांगून घेतली होती. मग पायऱ्या ठरवल्या. आधी उभ्या एसटीत नुसतं बसायचं, मग पुढच्या फाट्यापर्यंत जायचं, मग परभणी. पहिली पायरी जमली. फाट्याच्या पायरीला मात्र ताईला घाम फुटला, की दाजी ओरडून गाडी थांबवायचे आणि तिला उतरवून पायी घरी आणायचे. माया खरी, पण त्या मायेनेच घात केला. बाई म्हणाल्या, भीती चढते तशी उतरतेही, मात्र ती उतरायच्या आधीच आपण उतरलो, तर उतरलो म्हणूनच वाचलो असं मनाला वाटतं.

भीती किती वाटते, ते दहापैकी सांगायची पद्धत असते. ताईला ते काही जमेना. तेव्हा बाईंनी आणेवारी विचारली. पिकाची आणेवारी (सोळा आण्यांत पीक किती आलं त्याचा अंदाज) शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावी लागत नाही. ताईने लगेच सांगितलं, बारा आणे.

मला बाईंनी दोनच गोष्टी बजावल्या.

"उतरायचं का न्हाई, ते त्याच ठरवतील. आणि तुमी गप्पा मारून त्यांचं लक्ष वळवायचं न्हाई."

दुसरी अट ऐकून ताई हसली. मला गप्प बसवणं आमच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

पुढचे काही दिवस आम्ही फाट्यापर्यंत आणि मग परभणीपर्यंत जाऊन आलो. मी गप्प, ताई घामाघूम, पण उतरली नाही. एका सकाळी धपाटी आणि ओटीचं सामान पिशवीत घेऊन आम्ही मानवतसाठी निघालो. परभणीला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, उरलासुरला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर होती. ताईने माझं मनगट धरलं होतं.

"किती?"

"चौदा."

इतक्यात समोरच्या बाकावरचे पटकेवाले म्हातारबाबा खिडकीबाहेर बोट दाखवून बोलू लागले. शेळ्या बघायला मानवतच्या बाजाराला चालले होते.

"ह्याच वळणावर जीप उलटली व्हती. लय वंगाळ झालं. एक बाई तर जागीच गेली म्हंतेत."

म्हाताऱ्याला गप्प करावं, ताईला घेऊन उतरावं, निदान काहीतरी बोलावं असं वाटलं. बाईंची अट आठवून दात आवळून बसलो. दाजींवर हसलो होतो, ते तिथेच फिटलं.

ताईने मनगट सोडलं.

"गेली न्हाई बाबा. ती मीच हाय."

म्हातारबाबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आन मी तर समद्यास्नी गेली म्हणून सांगायलोय. आता काय सांगू?"

"हाय म्हणून सांगा," ताई म्हणाली. आणि हसता हसता रडू लागली.

म्हातारबाबांनी पिशवीतून एक पेरू काढून तिच्या ओटीत ठेवला. वळण मागे पडलं. मग त्यांनी विचारलं म्हणून तिने जीप कशी कलंडली, कुणी ओढून काढलं, सगळं सांगितलं. मानवत आलं तेव्हा मी पुन्हा आणे विचारले. सहा, म्हणाली.

शीतलने दार उघडलं, आईला पाहिलं आणि आधी रस्त्याकडे बघितलं. आई पायी आली असावी, असं तिला खरंच वाटलं होतं.

परतीला जावयांनी मोटार ठरवली होती. त्या पायरीची तयारी आम्ही केलीच नव्हती. ताई दाराशी थबकली. दहा आणे, असं मला हळूच सांगून ती लेकीशेजारी जाऊन बसली. वळणावर तिने शीतलला स्वतःच ती जागा दाखवली. झरीला दाजी दारातच उभे होते. लेकीआधी त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

चार दिवसांनी मी निघालो. एवढ्यात ताईचं सगळं संपलं, असं नाही. मोठा हॉर्न वाजला की अजूनही ती दचकते, आणि बाईंकडे जाणं चालूच राहणार आहे. मी मात्र एक शिकलो. भ्यालेल्या माणसाजवळ नुसतं बसून राहणं हेही काम आहे, आणि मला तरी ते फार अवघड गेलं.

ताई मला सोडायला परभणी स्टेशनावर आली होती. डब्यात चढल्यावर माझ्या लक्षात आलं, की दाजी बरोबर नव्हते. खिडकीतून विचारलं, परत कुणाबरोबर जाणार?

"एसटी हाय की."

"एकटी? किती आणे?"

"सहा हायेत. घिऊन जाते संगं."

गाडी सुटली. मी हात हलवला, पण तिने बघितलं नाही. तिला झरीची गाडी गाठायची होती. पदर खोचून, माझ्याकडे पाठ करून ती जिना चढू लागलीसुद्धा.