गुड्डीच्या मागची बाई

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझी अक्कल गेली, ती दुपारी चारला परत आली. मधल्या वेळात घरात जे झालं, ते सांगते. हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

माझी गुड्डी सात महिन्यांची. लाखनीला तिचा फोटो काढायला गेले. पोरगी एकटी बसेना, कसाबसा एक निघाला. दुकानात दोन प्रिंटर. फोटोवाला दादा म्हणाला, "ताई, जुन्यातून रंगीत देतो, नव्यातून काळा-पांढरा. घरी नेऊन पाहा, कोणता बरा वाटते सांगा."

"काळा-पांढरा कायले जी? तो तं गेलेल्या माणसाचा राहते, हार घातलेला."

"अवो, नव्यात काळ्या शाईचेच तीन प्रकार हाय. अंधारातलंही दिसते."

अंधारातलंही. तेव्हाच उठून यायला पाहिजे होतं.

दहा-वीसला घरी पोचले. दारातल्या उजेडात दोन्ही फोटो शेजारी ठेवले. रंगीतात गुड्डी, मागे नुसता काळोख. काळ्या-पांढऱ्यात तीच गुड्डी, आणि तिच्या डोक्यामागे एक बाई.

केस विस्कटलेले, डोळे फाटलेले, ओठ घट्ट मिटलेले. रंगीत पाहिला, कोणी नाही. काळा-पांढरा पाहिला, आहे. आणि माझ्याकडेच पाहून राहिली आहे.

सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि आधी डोक्यावर पदर घेतला. "हे तं माही सासू होय वो. अशीच पाहे माझ्याकडं."

"आई, त्या तं केव्हाच्या गेल्या."

"म्हणून तं आली. नातवाची पोर पाहाले."

तेवढ्यात गुड्डी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून खुदकन हसली. आता सांगा, माझं काय झालं असेल?

मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आलाच नाही. सासूबाईंनी आजीसासूच्या आवडीचे झिंगे रांधले, भातासोबत पानावर वाढून घरामागे ठेवले आणि शेजारी दोन घरी, सासू आली म्हणून, सांगून आल्या. परत जाऊन पाहतो तर पान साफ.

मी पिशवी भरली. गुड्डीला घेऊन अड्याळला, माहेरी. या घरात लेकराला ठेवणार नाही म्हणजे नाही.

चारला गुड्डीचे बाबा तळ्यावरून जाळं घेऊन आले. "कुठं निघाली?"

मी फोटो पुढे केला. त्यांनी तो दारातल्या उजेडात धरून पाहिला.

"फोटो काढताना पोरीले मागून कोणी धरलं होतं?"

"मीच. काळी चादर पांघरून. दादानंच सांगतलं तसं."

"चादर डोक्यावर होती?"

"होती. मंग घसरली वाटते थोडी."

त्यांनी भिंतीवरचा आरसा काढला आणि फोटोशेजारी धरला. केस विस्कटलेले. डोळे फाटलेले. ओठ घट्ट मिटलेले.

सासूबाई म्हणाल्या, "तरी म्हणतो, जिवंतपणी इतकी वाईट नव्हती दिसत ते."

झिंगे कोणी खाल्ले? मांजर असेल. मांजरच असावं.

तर बायांनो, ज्यांचं लेकरू अजून बसत नाही, त्यांना एवढा निरोप द्या: चादरीखाली बसाल तर तिथेही हसून बसा. आणि आमची आजीसासू जेवून गेली असं गावात कोणी म्हणत असेल, तर सांगा, फोटोतली ती बाई मी आहे आणि मी अजून जिवंत आहे.